ओठांवरची जर्मन

राघोआप्पा भामरे दोन प्रकारे बोलत. एक आवाजाने, तेव्हा सुरतेतल्या उधन्याच्या त्यांच्या गल्लीतल्या सगळ्या घरांना कळे की आज भामऱ्यांच्या भाजीत मीठ कमी पडलंय. दुसरा आवाजाशिवाय, नुसत्या ओठांनी. तेव्हा फक्त समोर बसलेल्याला कळे, आणि तोही घरचा असेल तरच. चारचौघं बोलतात तो मधला प्रकार त्यांच्याकडे शिल्लकच नव्हता. तो एकतीस वर्षांत खात्याने खाल्ला.

खातं म्हणजे सुरतेत लूमचा कारखाना. पत्र्याखाली ऐंशी जुने माग एकदम चालू झाले की खटाक्-खटाक् वगैरे काही ऐकू येत नाही. खटाक्-खटाक् बाहेर पानाच्या टपरीवर ऐकू येतं. आत आवाजाची नुसती भिंत असते आणि माणूस त्या भिंतीत चिणलेला. तिथे ओरडणं म्हणजे तापीत तांब्याभर पाणी ओतणं. म्हणून खात्यातली माणसं ओरडतच नाहीत. घशातून काहीही न काढता ओठ मोठे मोठे करून बोलतात आणि उरलेलं हातांनी भागवतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. मूठ गोल फिरवली की बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्याचा रूळ, संपत आला. अंगठा ओठाला लावला की चहा. मिशीवर बोट फिरवलं की शेठ आला. आता शेठला मिशी नव्हती, पण त्याच्या बापाला होती. बाप गेला, मिशी गेली, खूण राहिली.

या बोलीतले राघोआप्पा म्हणजे शास्त्रीबुवा. सहा माग पलीकडचा लक्ष्मण मान वळवून पुटपुटला तरी ते नुसत्या गालाच्या हालचालीवरून सांगत, "शिवी आईवरनं दिली का बहिणीवरनं." शेठ काचेच्या केबिनमध्ये फोनवर बोलायला लागला की आप्पा धागा गाठायचं निमित्त करून तिकडे तोंड करून उभे राहत. दिवाळीला खातं किती दिवस बंद राहणार हे शेठने नोटीस लावायच्या आधी ऐंशी मागांना माहीत झालेलं असे. शेठला वाटे मुनीम फुटलाय. दोन मुनीम बदलले बिचाऱ्याने.

मग जुने माग भंगारात गेले, खातं बंद झालं आणि आप्पा सत्तावन्नाव्या वर्षी साड्यांच्या फोल्डिंगला लागले. साडी घडी घालायची, आत पांढरा पुठ्ठा सरकवायचा, वर चकचकीत पिशवी. काम हलकं, जागा शांत. आणि तिथे पहिल्यांदा सगळ्यांना, आप्पांना सुद्धा, कळलं की हा माणूस बहिरा आहे. गोंगाटात ज्याच्याइतकं कोणी ऐकत नव्हतं, त्याला शांततेत काही ऐकू येईना. इथली माणसं मान खाली घालून, तोंडात मावा भरून, ओठ न हलवता बोलत. आप्पा प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत राहत, आणि लोक आपल्या हनुवटीला काय लागलंय म्हणून पुसत.

कानाचं मशीन होतं. डबीत होतं. लावलं की पंखा, मिक्सर, बाहेरची रिक्षा, सगळं एकदम आत घुसे. "परत खातामा गया आसं वाटस," आप्पा आपल्या अहिराणीत म्हणत आणि काढून ठेवत.

घरात मात्र अडत नव्हतं. सरलाबाई, त्यांची बायको, आवाज आणि ओठ दोन्ही एकदम चालवत. त्यांना बंद करायची कळ फक्त बसवलेली नव्हती. "दखा जयश्रीना बाप, हळू बोला ना जरासं! मनी भाजी कशी व्हयनी ते आख्ख्या उधनाले सांगानं शे का?" आणि एकुलती एक लेक जयश्री. ती तर त्या बोलीतच जन्मली. बाप रात्रपाळी करून दिवसा झोपलेला. आवाज करायचा नाही. बाप जागा झाला तरी खात्याच्या सवयीने ओठांकडेच पाहणार. आवाज करून उपयोग नाही. मग पोर पाळण्यातनंच ओठांनी पाणी मागायला शिकली. साडेतीन वर्षांची झाली तरी हिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. शेजारीण लेकीकडे बोट करून म्हणाली, "सरला, आंडेर मुकी शे का व?" तेव्हा जयश्रीने ओठ फाकवून तिला एक शिवी दिली. लक्ष्मणकाकांची होती. बिनआवाजाची, त्यामुळे शेजारणीने कौतुकाने गालगुच्चा घेतला.

शाळेत बाई म्हणत, "तोंडात गूळ धरलायस का गं?" ती बोलायला शिकली, छान शिकली, पण घाबरली की आवाज असा खाली खाली जाई, विहिरीत सोडलेल्या घागरीसारखा, आणि दोर संपला तरी घागर वर येत नसे. पुढे ती नर्स झाली. सुरतेतल्या एका दवाखान्याच्या आयसीयूत लागली, आणि तिथे बापाच्या या वारशाचं सोनं झालं. घशात नळी घातलेले पेशंट, आवाज नाही, नुसते ओठ हलतात, बाकीच्या नर्सा "काय काका? पाणी? पंखा? सून?" असं कोडं सोडवत बसत. जयश्री लांबून येऊन सांगे, "पाठीखाली चादर गोळा झालीय म्हणतात." पेशंट रडायचेच. डॉक्टर तिला बोलवायला लागले. आप्पांना हे तिने सांगितलं तेव्हा ते पूर्ण आवाजात म्हणाले, "मनी आंडेर शे!" आणि समोरच्या घरातलं तान्हं उठलं.

तर ही जयश्री, सव्वीस वर्षांची, आयसीयूची नोकरी सोडून आठ महिने जर्मन शिकत होती. जर्मनीतल्या वृद्धाश्रमांना आणि इस्पितळांना नर्सा हव्या होत्या. उधना दरवाजाजवळच्या एका क्लासमधून बारा जणी तयार होत होत्या. तिकडची बाई व्हिडिओवर मुलाखत घेणार, बारातल्या सहा निवडणार. निवडलेल्यांची पुढची परीक्षा, कागदपत्रं, तिकीट, सगळं तिकडचे लोक पाहणार. उरलेल्या सहा घरी. जयश्रीने खोलीच्या भिंतीवर नकाशा लावला होता आणि त्यातल्या एका गावाभोवती पेनने इतके गोल काढले होते की गावाचं नाव आता दिसत नव्हतं.

क्लास रश्मी मॅडमचा. माहेर सातारचं, जन्म सुरतचा, जर्मन पुण्याची. बोलायला लागल्या की तिन्ही गावं एका वाक्यात उतरत. "जयश्री, जरा मोठ्याने बोल ने, बेटा! माझ्या पहिल्या बाकापर्यंत नाय पोचत, जर्मनीपर्यंत केवी रीते पोचशे? आवाज! आवाज!" रोज हेच. बाकीच्या अकरा जणी तिला 'आवाज' म्हणूनच हाक मारत. ए आवाज, वही दे. ए आवाज, डबा काय आणलायस. जयश्री हसे. तेही बिनआवाजाचं.

सगळ्यांत जास्त जीव खाल्ला तो अनेकवचनाने. मॅडम सांगत, "मुलींनो, जर्मनमध्ये एकाचे अनेक करायचा एक नियम नाय. पाच-सहा रीती आहेत आणि कुठल्या शब्दाला कुठली, ते त्या शब्दालाच माहीत. पाठ करा, रडा, परत पाठ करा." कुठे मागे 'न' लागतो, कुठे 'र', कुठे नुसता 'ए', कुठे मागे काहीच लागत नाही पण पोटातला स्वर वाकडा होतो, आणि कुठे शब्द ढिम्म हलत नाही. एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, मॅडम, आपलं मराठी किती सोपं! मॅडम म्हणाल्या, "हो का? एक झाड, दोन झाडं. एक दगड, दोन?" मुलगी म्हणाली, "दगडं." सगळा वर्ग हसला, पण झाडाचं जे होतं ते दगडाचं का होत नाही, हे कोणालाच सांगता येईना.

पाठ करायला जयश्रीला समोर कोणीतरी हवं होतं. सरलाबाईंनी एक दिवस प्रयत्न केला. पण तिसऱ्याच शब्दाला त्यांना वालपापडीच्या शेंगांची आठवण झाली आणि त्या उठल्या. मग आप्पा बसले. फोल्डिंगमधले वाया गेलेले पांढरे पुठ्ठे आणले, पत्त्यांएवढे कापले. एका बाजूला जर्मन शब्द देवनागरीत, खाली अर्थ. मागे त्याचं अनेकवचन. आप्पा चौथी शिकलेले, देवनागरी वाचत. घरभर पुठ्ठेच पुठ्ठे झाले. सरलाबाई ओरडल्या, "घरमा उशा दोन, आन् उशावर चिठ्या चार!"

खेळ असा: दिवे लागायच्या आधी तासभर, घराबाहेरच्या ओट्यावर, बाप-लेक समोरासमोर. आप्पा एक पुठ्ठा धरणार, जयश्री एकाचे अनेक करणार, आप्पा तिचे ओठ मागच्या अक्षरांशी ताडून पाहणार.

"बेट." खाट.

"बेटन," जयश्रीचे ओठ म्हणत.

"हांट." हात.

"हेंडे."

"श्टूल." हे स्टूल नव्हे बरं, खुर्ची. यावर आप्पांनी दोन दिवस वाद घातला होता. स्टुलाला खुर्ची म्हणणारी माणसं विमानं बनवतात यावर त्यांचा विश्वास बसेना.

"श्ट्यूले."

"चुकनी. परत."

"आप्पा, बरोबर बोललेय."

"चुकनी! शेवटले तोंड उघडं ऱ्हायाले जोयजे. तू मिटी लिन्हं."

खरंच तिने शेवटचा 'ए' खाल्लेला असे. आठवड्याभरात आप्पांना पुठ्ठा उलटून पाहावा लागेना. त्यांना जर्मनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दोनशे शब्दांची अनेकवचनं त्यांना तोंडपाठ होती, अगदी शब्दशः तोंडानेच पाठ. हांटचं हेंडे होताना जबडा थोडा मागे सरतो. किंटचं, म्हणजे मुलाचं, किंडर होताना ओठ शेवटी गोल व्हायला जातात आणि होत नाहीत. उशीला जर्मनमध्ये किसन म्हणतात आणि शंभर उशा असल्या तरी किसनच. हा शब्द आप्पांचा फार लाडका झाला. "किसन बरा शे," ते म्हणत. "एकला राहो का शंबर, तोंड बदलस नही." फोल्डिंगमधल्या किसन नावाच्या माणसाकडे ते आता वेगळ्याच आदराने पाहत.

एकच गठ्ठा होता जिथे शास्त्रीबुवा हरले. मुटर, म्हणजे आई. अनेक आया असल्या की म्युटर. जयश्री दोन्ही म्हणून दाखवी आणि आप्पांना दोन्ही वेळा तेच ओठ, तोच गोल दिसे. "कोणतं बोलनी?" ते विचारत. जयश्री सांगे, फरक आत जिभेत आहे, आप्पा, बाहेर दिसत नाही. आप्पा ते पुठ्ठे विश्वासाने बरोबरच्या ढिगात टाकत.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. बापासमोर बसली की जयश्री आवाज काढत नव्हती. कशाला काढेल? आठ महिन्यांतली तिची सगळ्यात चांगली, न अडखळणारी, घागर भरून वर येणारी जर्मन रोज त्या ओट्यावर झाली, आणि ती जगात फक्त एका माणसाने ऐकली होती, ज्याला ऐकू येत नव्हतं.

मुलाखत गुरुवारी होती. आप्पांनी फोल्डिंगमधून सुट्टी घेतली. सरलाबाईंनी कानबाई देवीला नारळ बोलला आणि दोघांना दही-साखर देऊन घालवलं. क्लासमध्ये पोरींचे आई-बाप बाकावर ओळीने बसलेले. मुलाखतीची खोली म्हणजे काचेचा खोका. आत टेबल, लॅपटॉप, एक खुर्ची (श्टूल, आप्पांच्या मनात आलं), आणि कोपऱ्यात मॅडम, पण मधे काही सांगायची त्यांनाही मनाई. काचेच्या दारावर कागद चिकटवलेला. वाचून दाखवायला नितीनभाई होते, कागदपत्रांचं काम बघणारे, तीन भाषांची भेळ करून बोलणारे. "सुनो सब लोग! पिछली बेचमां एक मम्मी बाहेर से उंगली दिखाती थी. एक, दो, ऐसे. मेडम लोग ने पकडी. छोकरी आउट! तो ध्यान राखजो, बाहेर से इशारा किया के छोकरी केन्सल." मग त्यांची नजर आप्पांच्या हातांवर गेली, ते हात तेव्हा बाजूच्या गृहस्थांना चहाची खूण करत होते. "अने अंकल, तमे तो हाथ खिस्से में ही रखो."

आप्पांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांचं तोंड बांधलं होतं.

पाचवा नंबर जयश्रीचा. ती आत गेली, बसली. काचेतून लॅपटॉपचा पडदा तिरपा आणि तिचा चेहरा अर्धा दिसत होता, शेठच्या केबिनमधून शेठचा दिसे तेवढाच, म्हणजे भरपूर. लॅपटॉपवर सोनेरी केसांची एक बाई हसत होती. तिचे ओठ आप्पांना वाचता येईनात. परक्या खात्यातली होती. मग बाईच्या जागी एक चित्र आलं: दवाखान्याची खोली. चित्रात काय काय आणि किती किती, ते सांगायचं; क्लासमध्ये शंभरदा झालेलं.

जयश्रीचे ओठ हलले.

त्सव्हाय बेटन. दोन खाटा, बरोबर. आप्पांनी खिशात एक बोट मिटलं.

द्राय श्ट्यूले. आणि तोंड शेवटी उघडं! शाब्बास. दुसरं बोट.

फीर किसन. चार उशा. किसन देवासारखा धावून आला. तिसरं.

खिडक्या, बाटल्या, दिवे. म्हाताऱ्या माणसाचे हात: हेंडे. एकही चुकली नाही. आप्पा मोजत गेले, दहाही बोटं मिटली, खिशात दोन घट्ट मुठी झाल्या. बाजूच्या गृहस्थांना कोपर मारून ते ओठांनी म्हणाले, "दखा, कशी बोली ऱ्हायनी!" गृहस्थांनी हनुवटी पुसली.

मग चित्र गेलं आणि बाई परत आली. ती हसत नव्हती. तिने कानाला बोट लावलं आणि मान हलवली.

ही एक खूण आप्पांना जर्मनमध्ये सुद्धा कळली. गेली दहा वर्षं ते स्वतः तीच करत होते.

मॅडम उठल्या. वायर काढून घातली. जयश्रीच्या डोक्यावर दुसरा हेडफोन चढवला. माइकमध्ये स्वतः काहीतरी बोलल्या. पडद्यावरच्या बाईने अंगठा दाखवला. माइक बरा होता. मॅडम पुन्हा कोपऱ्यात बसल्या. चित्र पुन्हा आलं. जयश्रीचे ओठ पुन्हा हलले, बेटन, श्ट्यूले, किसन, अगदी पहिल्यासारखे, आणि बाई पुन्हा कानाला बोट लावून वाकली.

आणि तेव्हा आप्पांना दिसलं. गळा. जयश्रीचा गळा हलत नव्हता. बोलणाऱ्या माणसाच्या गळ्याची एक शीर फुगते, तिथली कातडी थरथरते. ते पाहून तर ते खात्यात नवीन माणूस ओळखत, की हा अजून आवाज वाया घालवतोय. जयश्रीचा गळा पाटावरच्या देवासारखा स्थिर होता. ती ओट्यावरची जर्मन बोलत होती. घागर खाली गेली होती, आणि पोरीला वाटत होतं ती वर आलीय.

तिला सांगायला हवं. आत्ता. कागद गेला खड्ड्यात. आप्पांनी हात खिशातून बाहेर काढले. काढले आणि तसेच हवेत राहिले. धागा तुटला, ही खूण होती. बीम संपला, होती. शेठ, चहा, लाइट गेली, मुकादम प्यायलाय, हळू चालव, माग थांबव, सगळं होतं. 'आवाज काढ' याची खूण नव्हती. त्या बोलीत ती कोणी केलीच नव्हती. ऐंशी मागांत एकतीस वर्षं, कोणाला लागली कधी?

नितीनभाईंनी लांबूनच "अंकल!" केलं. आप्पांनी हात खाली घेतले.

तेवढ्यात जयश्रीने एक क्षण बाहेर पाहिलं. आप्पांचे ओठ आपोआप म्हणाले, "मोठं बोल." ती समजली, लगेच समजली, मान डोलावली आणि पडद्याकडे वळून मोठ्याने बोलली. खात्यातल्यासारखं मोठ्याने. म्हणजे ओठ अजून मोठे केले, जबडा अजून खाली आणला, दात दिसले, जीभ दिसली, पलीकडच्या ओळीतल्या शेवटच्या मागावरच्या माणसालाही कळावं इतकं स्पष्ट, इतकं सुंदर, एकेक अनेकवचन सुटं सुटं. गळा हलला नाही. पडद्यावरची बाई किंचित मागे सरकली.

आठ मिनिटं संपली. सहावी मुलगी आत गेली. तिचा आवाज इतका होता की काच तर सोडाच, आप्पांना सुद्धा थोडा ऐकू आला. बारावी मुलगी उठेपर्यंत बाप-लेक बाकावर बसून राहिले.

शेवटी रश्मी मॅडम बाहेर आल्या. आप्पा समोर उभे राहिले आणि त्यांच्याकडे एकच आवाज असल्यामुळे तोच काढला. "मॅडम! ती बोलली! सगळं बरोबर! दहाच्या दहा! मी बघितलं!"

बाकावरचे सगळे वळले. मॅडमनी आधी आप्पांकडे पाहिलं, मग जयश्रीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांचं 'आवाज, आवाज' एकदम उलगडलं. "काका, म्हणजे ही… घरी तुमच्याशी…?"

"बिनआवाजानं! बठ्ठं बरोबर!"

मॅडम लगेच आत गेल्या. बाई अजून पडद्यावर होती, कागद आवरत होती. मॅडम बोलत होत्या, हात जोडत होत्या, बाहेर बोट दाखवत होत्या. बाईने ऐकून घेतलं, घड्याळ दाखवलं, मान एका बाजूला कलती केली. चांगली बाई असावी. तिलाही वाईट वाटत होतं, ते काचेतून दिसलं. मॅडम बाहेर येऊन हळू म्हणाल्या, आणि आप्पांसाठी ओठ मोठे केले, "काका, जयश्रीचा वेळ पूरो थई गयो. आणि दिसलं त्याचे मार्क नसतात हो. ऐकू आलं त्याचेच असतात."

घरी जाताना रिक्षात जयश्री आप्पांशेजारी बसली होती. उधन्याचं फाटक लागलेलं, पुढे मालगाडी संपता संपेना. ती आप्पांकडे वळली. आता आजूबाजूला इतका आवाज होता की ओठांशिवाय गत्यंतर नव्हतं.

"आप्पा, मना आवाज उना ना?"

तिला खरंच माहीत नव्हतं. आप्पांनी मालगाडीकडे पाहिलं, डबे मोजल्यासारखं केलं. मग तिच्याकडे वळून ओठांनी म्हणाले, "उना." आला.

ते खोटं नव्हतं. हाच तर घोटाळा होता.

शनिवारी क्लासच्या ग्रुपवर सहा नावं आली, त्यांत जयश्री नव्हती. उरलेल्यांच्या यादीत तिच्या नावासमोर एकच ओळ होती. मॅडमनी ती मराठीत करून वेगळी पाठवली: स्वभाव शांत, भाषेचा अंदाज घेता आला नाही, चार महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करावा. सरलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुमनाच कान दिन्हात तुमी तिले!" मग स्वतःच गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं आप्पांनी पहिल्यांदा पाहिलं.

रविवारभर जयश्री भिंतीकडे तोंड करून पडून होती. भिंतीकडे तोंड केलं की तिच्याशी बोलायला आप्पांकडे काहीच उरत नसे. ते दोनदा तिच्या पायथ्याशी जाऊन बसले, पुठ्ठ्यांचा गठ्ठा उगीच सारखा केला, आणि उठले.

सोमवारी दिवे लागायच्या आधी ते ओट्यावर बसले आणि गठ्ठा पुढे ठेवला. जयश्री आली. समोर बसली. आप्पांनी पहिला पुठ्ठा उचलला, तिला दाखवला, आणि डोळे मिटले.

तिने त्यांच्या गुडघ्याला हात लावला. आप्पांनी डोळे उघडले, "बोल. माले दखानं नही," म्हणाले, आणि पुन्हा मिटले. सरलाबाईंना त्यांनी आधीच शेजारी बसवून ठेवलं होतं. ठरलं होतं एवढंच: पोरीचा आवाज कानावर आला, तर खांद्यावर एक थाप. बरोबर की चूक ते सरलाबाईंना कळणार नव्हतं, आणि आप्पांना आता दिसणार नव्हतं.

डोळ्यांमागे अंधार, कानांत अंधार. एकतीस वर्षं खात्यात काढूनही आप्पा इतके एकटे कधी बसले नव्हते. त्यांच्या अंदाजाने जयश्री तीनदा तरी बोलली असेल. थाप पडली नाही. त्यांनी पुठ्ठा तसाच धरून ठेवला. हात दुखायला लागला. गल्लीतून टेम्पो गेला असावा, कारण ओट्याची फरशी किंचित थरथरली. त्यांनी दचकून खांदा पुढे केला, पण ते तेवढंच.

मग खांद्यावर थाप पडली. हलकी, घाबरत मारलेली.

आवाज आला होता. कसला आला, कापरा की ठाम, बेट की बेटन, एकाचे अनेक झाले की नाही, काही म्हणजे काही कळलं नाही. डोळे उघडून तिच्या तोंडाकडे पाहावं, एकदाच, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी पापण्या अजून आवळल्या, हातातला पुठ्ठा चाचपडत खाली ठेवला आणि पुढचा उचलला.